डिफरन्शिअलचे नट पुन्हा पुन्हा ढिले होतायत? पाना लावायच्या आधी रंगाची रेघ मारा

नट टाइट करून आणले, महिना दीड महिना गाडी चालली आणि परत तेच, डिफरन्शिअलच्या (मागच्या एक्सलच्या मधल्या गिअरच्या गोळ्याच्या) तोंडाशी तेल, एक्सलवर मातीचा काळा चिखल जमलेला. माझ्या पिकअपला हे तीन वेळा झालं आणि तीनही वेळा उपाय एकच, मिस्तरी खाली झोपला, पाना फिरवला, "झालं भाऊ, आता काही होत नाही". चौथ्यांदा मी स्वतः खाली शिरलो तेव्हा कळलं की नट ढिले होतच नव्हते. म्हणजे ढिले लागत होते, पण फिरत नव्हते. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मला आधी माहीत असतं तर दोन वेळच्या तेलाचे पैसे वाचले असते.

गाडी साधीच, मागे पाटे (लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा), सरळ एक्सल, मधे तो गोळा. सीझनला ओतूर नारायणगाव पट्ट्यातून टोमॅटोचे क्रेट भरायचे आणि माळशेज उतरून कल्याण, कधी वाशी. कंपनीचं नाव सांगत नाही कारण दोष तिचा नव्हता, निम्मा माझाच होता. २०२३ च्या जुलैमध्ये क्रेटचा भाव दोन हजाराच्या पुढे गेला होता तेव्हा जो तो म्हणायचा अजून दहा घाल, अजून पाच घाल, आणि मी घालत होतो. वीस किलोचा एक क्रेट, दहा वाढवले की दोनशे किलो, आणि तो घाट. त्याच सीझनला पहिल्यांदा तेल दिसलं.

या प्रकारच्या एक्सलमध्ये क्राऊन (मोठं दातेरी चाक) आणि टेलपिनियन (त्याला फिरवणारा छोटा गिअर) एका वेगळ्या जड तुकड्यात बसवलेले असतात, त्याला कॅरिअर म्हणतात, आणि तो तुकडा समोरून एक्सलच्या हौजिंगमध्ये (बाहेरच्या कवचात) घालून गोल कडेने नटांनी आवळतात. माझ्या गाडीला दहा स्टड (बिनडोक्याचे बोल्ट, एक टोक हौजिंगमध्ये, दुसऱ्यावर नट) आहेत, तुमच्या गाडीला आठ असतील. काही गाड्यांना कॅरिअर वेगळा नसतो, मागे नुसतं पातळ झाकण असतं, तिथे हा त्रास झाकणाच्या बोल्टांचा आणि जरा हलका असतो. कॅरिअरचे नट मात्र नुसतं तेल अडवत नाहीत, चाकांना जाणाऱ्या जोराचा उलटा धक्का त्यांच्यावर येतो. चढाला रेस दिली की पिनियन क्राऊनवर चढायला बघतो, गोळ्याचं नाक वर उचलतं, उतारावर गिअरमध्ये गाडी सोडली की तेच नाक खाली दाबतं. माळशेजसारख्या घाटात एका फेरीत हे किती वेळा होतं ते मोजत बसू नका, पण नटांवर ओढ सारखी दिशा बदलत असते हे डोक्यात ठेवा.

आता आधी खात्री करा की तेल तिथूनच येतंय. गिअर ऑइलला गंधकासारखा उग्र वास असतो, एकदा बोटाला लागलं की जेवताना पण येतो, त्यामुळे ब्रेक ऑइलशी घोटाळा होत नाही. चाकाच्या आतल्या बाजूला ओलं असेल तर एक्सलचं सील. प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सकडून येणारा लांब दांडा) जिथे जोडलाय त्या फ्लँजच्या मागून गोल शिंतोडे उडालेले असतील तर पिनियनचं सील. गोळ्याच्या कडेने सांध्यातून ओघळ असेल तर आपला विषय. आणि हे सगळं बघायच्या आधी एक्सलवरचा ब्रीदर बघा, छोटी टोपी असते नाहीतर नळी, ती चिखलाने बुजली की तेल तापल्यावर आतली हवा जागा शोधते आणि चांगलं सील पण गळायला लागतं. माझ्या ब्रीदरची टोपी मातीने लिंपल्यासारखी झाली होती, तिन्ही वेळा कुणी बघितली नव्हती, मी पण नाही.

खाली शिरताना एवढं पाळा. गाडी सपाट जागी, चाकांवरच उभी, चारी चाकांना दगड नाहीतर लाकडी गुटके, हँडब्रेक, गाडी न्यूट्रल म्हणजे शाफ्ट फिरवून बघता येतो. पिकअप उंच असते, नट बघायला जॅकची गरज लागत नाही. चाकं उचलायचीच असतील तर एक्सलखाली घोडी (जॅक स्टँड) लावा, नुसत्या जॅकच्या भरवशावर गोळ्याखाली डोकं घालू नका. आणि घाट उतरल्या उतरल्या हात लावू नका, ते तेल चांगलं चटका देतं.

मी खाली गेलो तेव्हा पहिली गोष्ट दिसली ती अशी की खालचे आठ नट पान्याने घासून चकाकत होते आणि वरचे दोन नट, जे शाफ्टच्या वर येतात आणि जिथे हात वाकडा करून पण पाना नीट बसत नाही, त्यांच्यावर लाल मातीचा थर जसाच्या तसा होता, एक चरा नाही. तीन वेळा "सगळे टाइट केले" म्हणून सांगितलेलं आणि या दोघांना पाना शिवलासुद्धा नव्हता. मला राग कमी आणि हसू जास्त आलं कारण मी स्वतः त्या दोघांना रिंग पाना लावायला गेलो तेव्हा पंधरा मिनिटं आणि दोन बोटांची सालं गेली. तिथे गोटी (सॉकेट), लांब एक्सटेन्शन आणि युनिव्हर्सल जॉइंट लागतो, नाहीतर शाफ्टचे चार बोल्ट काढून शाफ्ट बाजूला बांधून ठेवा (काढायच्या आधी दोन्ही फ्लँजवर खूण करा, परत तसाच बसला पाहिजे).

सगळे नट तारेच्या ब्रशने साफ केले, डिझेलने पुसले, कोरडे केले, एकसारख्या टॉर्कने आवळले. मग घरात क्रेटवर नाव टाकायला आणलेला पिवळा ऑइलपेंट होता त्याने प्रत्येक नटवर एक रेघ मारली. रेघ कशी मारायची हे महत्त्वाचं आहे, लोक नुसती नटावरून वायसरवर ओढतात. ती स्टडच्या टोकापासून सुरू करा, तिथून नटावर, नटावरून खाली कॅरिअरच्या कडेवर, एकच सरळ अखंड रेघ. काडेपेटीची काडी चावून तिचा ब्रश करा, चांगला होतो. दुसऱ्या दिवशी आईने वाकून बघितलं आणि विचारलं गाडीला हळद लावलीय का रे.

त्यानंतर पाच फेऱ्या, साधारण बाराशे किलोमीटर, आणि परत खाली गेलो. पाना लावायच्या आधी नुसतं बघायचं.

रेघ तीन प्रकारे बोलते. नटावरची रेघ सरकलीय पण स्टडच्या टोकावरची आणि कॅरिअरवरची एका ओळीत आहे, तर नट खरंच फिरतोय, कंपनाने. स्टड आणि नटावरची रेघ एकमेकाला धरून आहे पण दोन्ही मिळून कॅरिअरच्या रेघेपासून सरकलीत, तर नटाचा काही दोष नाही, स्टडच हौजिंगमधून उलटा निघतोय, त्याचे खालचे आटे गेलेत किंवा तो मुळात नीट बसवलेलाच नाही. आणि तिसरा प्रकार, रेघ अगदी जशीच्या तशी सरळ आहे पण पाना लावला की नट पाव आटा सहज फिरतो. हा तिसरा सगळ्यात फसवा, कारण काहीच फिरलेलं नसतं आणि तरी पकड गेलेली असते.

माझ्या दहापैकी दोन स्टड दुसऱ्या प्रकारात निघाले, बाकी आठ तिसऱ्या प्रकारात. पहिल्या प्रकारात एकही नाही. म्हणजे आजपर्यंत जे चाललं होतं, स्प्रिंग वायसर बदल, नटावर नट चढव, जोर लावून आवळ, ते सगळं नट फिरतोय असं धरून चाललं होतं आणि नट तर फिरतच नव्हता.

मग पकड जाते कशी, तर ते गणित एका इंजिनिअरिंगवाल्या भाच्याने समजावलं आणि मला पटलं. नट आवळतो तेव्हा स्टड रबरासारखा किंचित ताणला जातो आणि तो ताणच दोन तुकड्यांना धरून ठेवतो. दहा एमएमचा स्टड, आवळलेली लांबी दीड सेंटिमीटर, तर तो ताण असतो ०.०३ ते ०.०४ मिलिमीटर. डोक्याच्या केसाच्या निम्मा. आता तुमच्या सांध्यात जाड पॅकिंग आहे, त्याच्या दोन्ही बाजूला सिलिकॉन थापलंय, खाली मागच्या वेळचं सिलिकॉन नीट खरवडलेलं नाही, तर ते सगळं गरम होऊन, दाबाखाली, केसाच्या निम्म्याएवढं बसलं तरी स्टडचा ताण संपला. नट जागेवर, रेघ जागेवर, पकड शून्य. मग सांधा हलायला लागतो, तेल पाझरतं, स्टडचे आटे खाल्ले जातात आणि तुमचा दुसरा प्रकार तयार होतो. माझे ते दोन स्टड असेच मेले असणार.

स्प्रिंग वायसरबद्दल एवढंच की त्याच्यावर फार भरवसा ठेवू नका. १९६९ मध्ये युंकर नावाच्या जर्मन इंजिनिअरने आडव्या हेलकाव्याने बोल्ट कसे सुटतात ते मशीनवर दाखवलं होतं, आजही तीच चाचणी त्याच्या नावाने करतात, आणि साधा स्प्रिंग वायसर त्यात फारसा टिकत नाही. पुरेसा ताण असेल तर सांधा सरकतच नाही आणि वायसर असला नसला सारखंच.

कॅरिअर उतरवला. हे काम एकट्याचं नाही, तो जड असतो, तेल आधी काढा, दोन्ही एक्सल शाफ्ट बाहेर ओढावे लागतात, मग गॅरेजच्या खड्ड्यावर दोन माणसं आणि खालून जॅक. तेल काढताना चाळणीतून नाही तर निदान पांढऱ्या भांड्यात काढा आणि प्लगचं चुंबक बघा. करडी मऊ पेस्ट असली तर चालतं, ती घासणीची असते. टोकदार कण, चकत्या, किंवा एखाद्या बोल्टचं डोकं मिळालं तर मग मामला बाहेरच्या नटांचा राहिलेला नाही, आत क्राऊनचे बोल्ट सुटतायत, गाडी तिथेच थांबवा.

माझ्या सांध्यावर काय निघालं सांगतो. एक जुनं कागदी पॅकिंग, त्यावर एक नवीन, दोन्हीच्या मधे आणि दोन्ही बाजूला लाल सिलिकॉन, आणि आतल्या बाजूला त्या सिलिकॉनची गांडुळं लोंबत होती जी तुटून तेलात गेली असती तर कुठे अडकली असती देव जाणे. सगळं मिळून कॅलिपरने मोजलं तर दीड मिलिमीटरच्या आसपास. यातला एक थर तर मी स्वतः आणून दिलेला, जाड पॅकिंग द्या, गळायला नको, असं दुकानदाराला सांगून!

दुरुस्ती अशी केली. दोन्ही कडा पितळी पट्टीने खरवडल्या, ग्राइंडर लावला नाही (लावूच नका, कडेला खड्डा पडला की जन्माचं गळणं). सरळ पट्टी ठेवून बघितलं, एका स्टडच्या भोकाभोवती धातू उंचवटा होऊन वर आला होता, सारखा ओढ बसला की तसं होतं, तो कानशीने हलक्या हाताने खाली घेतला. दहाही स्टड काढले. लांबलेला स्टड ओळखायचा सोपा उपाय म्हणजे नवीन नट हाताने फिरवत न्यायचा, मधेच अडकला किंवा बाजूने बघताना आट्यांची कंबर बारीक दिसली तर तो भंगार. माझे चार तसे निघाले, पाइप लावून आवळल्याची कृपा. सगळे दहा नवे घेतले, ८.८ ग्रेडचे (हा मजबुतीचा आकडा). हौजिंगच्या दोन भोकांचे आटे गेले होते, ते लेथवाल्या मामांकडे नेऊन त्यात स्टीलच्या तारेचं इन्सर्ट बसवून घेतलं, मोठं भोक पाडून जाड स्टड घालायचा सल्ला पण मिळाला होता पण मग कॅरिअरचं भोक पण मोठं करावं लागतं आणि पुढच्या माणसाला कळत नाही काय केलंय ते.

स्टडचा जो भाग हौजिंगमध्ये जातो तेवढ्याच भागाला थ्रेडलॉकर (आटे धरून ठेवणारा डिंक) लावला, तेल पूर्ण पुसून, कारण तेलावर तो धरत नाही. रात्रभर राहू दिलं. नटाच्या बाजूला काही लावलं नाही, कोरडे नवे नट, कारण पाचशे किलोमीटरने परत आवळायचे होते आणि थ्रेडलॉकर सुकल्यावर नट हलवला तर तो तुटतो, मग त्याचा उपयोग संपला. लाल थ्रेडलॉकर अशा ठिकाणी वापरू नका, तो सोडवायला गॅसने तापवावं लागतं.

पॅकिंग एकच, पातळ, कोरडं. नुसतं सिलिकॉन लावायचं असेल तर बारीक सलग धार, प्रत्येक भोकाच्या आतल्या बाजूने, आणि मग पॅकिंग नको. दोन्ही नको. दोन्हीचं सुख आपण बघितलंच.

आवळायची पद्धत, समोरासमोरचे नट, क्रॉसमध्ये, तीन टप्प्यांत. आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधलाच घ्या, पण अंदाज म्हणून सांगतो, दहा एमएम ८.८ ग्रेडचा स्टड साधारण ४५ ते ५० न्यूटन मीटर, बारा एमएमचा ८० ते ८५. टॉर्क रेंच नसेल तर पंचवीस सेंटिमीटरचा पाना घ्या, आणि त्याच्या टोकाला टोमॅटोचा एक भरलेला क्रेट टांगला तर जेवढा जोर पडेल तेवढा म्हणजे ४९. खरंच, वीस किलो आणि पाव मीटर. हाताला तो जोर फार वाटत नाही आणि तिथेच लोक चुकतात, पाइप घालतात. अर्ध्या मीटरच्या पाइपवर चाळीस किलोचा जोर म्हणजे चौपट झालं, तेवढा जोर पडायच्या आधीच स्टड लांबतो नाहीतर मोडतो.

आता एक नट आहे ज्याला या सगळ्या उत्साहात हात लावायचा नाही. फ्लँजच्या मधोमध असलेला मोठा पिनियन नट. तो ढिला वाटला, फ्लँज हलवून पुढे मागे खेळ लागला, तर तो "थोडा आवळून टाकू" असा नट नाही. त्याच्या आत बेअरिंगचा दाब ठरवलेला असतो, बऱ्याच गाड्यांत चेपणारी एक नळी असते, एकदा जास्त चेपली की परत येत नाही, नवीनच टाकावी लागते. पाव आटा जास्त गेला तर हजार किलोमीटरमध्ये बेअरिंग रडायला लागतं. तो जाणत्या माणसाकडेच द्या. तसंच आतल्या बेअरिंगच्या टोप्या, डावी उजवी अदलाबदल करायची नसते, उघडलंच तर ठोशाने खूण करा.

आणि मूळ कंपन कुठून येतंय ते बघितल्याशिवाय खालून बाहेर येऊ नका. शाफ्ट धरून पिळा, त्याच्या टोकाच्या सांध्यात, म्हणजे क्रॉसमध्ये, खट वाजलं तर क्रॉस गेला. माझा मागचा क्रॉस गेला होता, एका कपातून गंजाची लाल पूड येत होती. फ्लँजचे चार बोल्ट बघा. पाट्यांचे यु-बोल्ट बघा, ते ढिले असतील तर अख्खा एक्सलच जागेवर वळवळतो, माझ्या डाव्या बाजूचे दोन हाताला लागले. पाट्याचं काम केलं असेल तर चार पाचशे किलोमीटरने यु-बोल्ट परत आवळायचेच असतात, आपण पाटेवाल्याकडून निघालो की विसरतो. सुटताना आणि रिव्हर्स टाकताना जो "टक" यायचा तो मी डिफरन्शिअलचा समजत होतो, क्रॉस बदलल्यावर ऐंशी टक्के गेला.

तेल भरताना गाडी सपाट, भरायच्या भोकाच्या काठापर्यंत, बोट वाकवून आत घातलं की लागलं पाहिजे. ब्रीदर साफ करा, फुंकून बघा.

जोडून झाल्यावर परत पिवळी रेघ. पाचशेला थंड गाडीवर आवळले तेव्हा बहुतेक नट जरासे फिरले, तेवढं पॅकिंग बसतंच, जुनी रेघ पुसून नवी मारली. पंधराशेला एकही हलला नाही. आता मी दर तेल बदलीला आणि पावसाळा संपला की बघतो, पाना खिशात ठेवून, बॅटरी घेऊन, दोन मिनिटं. वरच्या दोन नटांसाठी मोबाइल हात लांब करून शाफ्टच्या वर धरतो आणि फोटो काढतो. इन्सर्ट टाकलेले दोन मात्र पान्याने तपासतो, त्यांच्यावर माझा अजून पूर्ण विश्वास नाही.

रस्त्यात गळती दिसली तर घाईने पाइप लावून आवळू नका. बोट घालून पातळी बघा, बोटाला तेल लागत असेल तर जे नट हाताने फिरतात तेवढेच नेहमीच्या पान्याने क्रॉसमध्ये बसवा, चढाला रेस मारू नका, वीस पंचवीस किलोमीटरला थांबून परत बघा. बोट कोरडं निघालं आणि सोबत घुं घुं आवाज असेल तर माल दुसऱ्या गाडीत भरा. मी एकदा मुरबाडच्या अलीकडे रात्री दोनला पंच्याऐंशी क्रेट असे उतरवून चढवले, भाडं गेलं, मार्केटची वेळ पण गेली, पण क्राऊन-पिनियन वाचला.